छातीतली आग काढणारे बाबा

"डोळे मिटू नकोस, माय. इतकी वर्षं तुझ्या छातीत काय जळत होतं, ते तुझं तुलाच बघायचंय," बाबा म्हणाले. टेबलावर आडव्या पडलेल्या शिंपीणबाईंनी घाबरून डोळे होते त्याहून मोठे केले.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा तो वरचा मजला. खिडक्यांना आतून कागद चिकटवलेले, त्यामुळे भर सकाळी दिवे लावलेले. लोक भिंतींना टेकून उभे होते, जिन्यावर बसले होते, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होते. कुणी छाती चोळत होतं, कुणी तोंडावर रुमाल धरून ढेकर दाबत होतं. इतकी आंबट तोंडं एका ठिकाणी जमलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

बाबांना सगळे शीतळबाबा म्हणत. माणूस धिप्पाड, आवाज मात्र लोण्यासारखा. त्यांनी चिमट्याने पितळी वाटीतून कापसाचा बोळा उचलला. त्या वाटीत त्यांचं 'शीतळ तेल' होतं. बोळा शिंपीणबाईंच्या छातीवर, पदरावरच ठेवला. मग त्यांनी गरम चहा भुरकावा तसा एक लांब श्वास ओढला, चिमट्यानेच बोळा उचलला आणि राखेने भरलेल्या मातीच्या कुंडीत नेऊन ठेवला.

काहीच झालं नाही. बोळा राखेत नुसता बसून राहिला.

"जुना अग्नी आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "जुना अग्नी लाजरा असतो. राहतं घर सोडताना दारात घुटमळतो. नव्याला घाई असते, तो लगेच बाहेर येतो. माय, किती वर्षं झाली?"

"लग्न झाल्यापासून," शिंपीणबाई पुटपुटल्या.

"बघा. म्हणजे सासरचाच अग्नी."

लोक हसले. हसू विरतं न विरतं तोच कुंडीतून फस्स असा आवाज आला, धुराची रेघ उठली आणि बोळा भडकला. ज्योत चांगली वीतभर उंच गेली. हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. कुणीतरी हात जोडले आणि मग सगळ्यांनीच जोडले. बाबांच्या शिष्याने हिरवट पाण्याचा पेला पुढे केला. शिंपीणबाई तो घटाघटा प्यायल्या, क्षणभर थांबल्या आणि त्यांनी जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा ढेकर दिला.

"गेला," बाबा म्हणाले.

शिंपीणबाई रडायला लागल्या. बरं वाटलं म्हणून रडत होत्या आणि ते खरं होतं. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

माझ्या दादाने माझा दंड दाबला. "बोल की आता, मास्तरीणबाई."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या ज्योतीच्या कडेला एक जांभळट झाक होती आणि शिष्याच्या बोटांवर तपकिरी डाग होते. मला संशय आला होता. पण संशय काही पुरावा नव्हे, आणि दादाला तर पुरावाही नको होता. त्याला बरं वाटत होतं, एवढं त्याला पुरे होतं.

दादाची बेकरी आहे. खाली भट्टी, वर आमचं घर. पहाटेपासून तो भट्टीपाशी उभा. उपाशीपोटी चहावर चहा, मग उन्हं वर आल्यावर एकदम भरपेट जेवण आणि जेवल्या जेवल्या पिठाच्या पोत्यांशेजारच्या बाकड्यावर आडवं होणं. वर्षानुवर्षं हाच क्रम. पोती उचलून कंबर गेलेली, म्हणून दुखणं थांबवायच्या गोळ्या. त्याही चहाबरोबर, रिकाम्या पोटी. जळजळ सुरू झाली तेव्हा तो हसण्यावारी न्यायचा. "भट्टी खालीही आहे आणि आतही आहे," म्हणायचा. पुढे पुढे रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागला. आंबट पाणी घशाशी आलं की दचकून उठायचा. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं होतं, पथ्य सांगितलं होतं. औषध त्याने बरं वाटेपर्यंत घेतलं आणि पथ्य तर घेतलंच नाही.

मग वहिनी त्याला शीतळबाबांकडे घेऊन गेल्या. वहिनींना दोष देण्यात अर्थ नव्हता. ज्या बाईने रात्रीमागून रात्री नवऱ्याची पाठ चोळली आहे, तिला कुणी म्हणालं, 'एका श्वासात आग काढतो,' तर ती दुसरं काय करणार?

आणि बाबांनी ती काढली की. दादाच्या छातीवरचा बोळा पेटला, हिरवं पाणी प्यायल्यावर ढेकर आला, छाती मोकळी झाली. त्याच दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. कंबरेच्या तेवढ्या ठेवल्या. त्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते. घरी हिरव्या पाण्याच्या बाटल्या आल्या. जळजळ झाली की एक पेला, ढेकर, आराम. थोड्या वेळाने पुन्हा जळजळ, पुन्हा पेला.

"अरे, हे बरं होणं नाही," मी त्याला म्हटलं. "हे नुसतं पुढे ढकलणं आहे."

"तू तुझ्या पोरांना शिकव," तो म्हणाला. "माझ्या पोटाला शिकवू नकोस. ते अनुभवाने शिकलंय."

मी जास्त वाद घातला नाही. मनात म्हटलं, निदान मनाला तरी गार वाटतंय, राहू दे. दोन-चार पेले पाणी पिऊन कुणाचं काय बिघडतं.

बिघडत होतं, ते मला दिसायला वेळ लागला. दादाचा रंग उतरत चालला होता. भट्टीसमोर उभा राहिला तरी चेहऱ्यावर लाली यायची नाही, ओठ पिठासारखे. एक दिवस शाळेतून आले तर तो रिकाम्या पोत्यावर बसून धापा टाकत होता. पाव काढायची लांब दांडी भिंतीला टेकवून ठेवलेली आणि कामगार एकटाच भट्टी सांभाळत होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. जिना चढून आलो."

"जिना चढून इथे खाली कसा आलास?"

तो हसला, पण हसताना त्याला श्वास पुरला नाही.

मी वर जाऊन वहिनींना विचारलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट एक गुपित सांगायची घाई होती. आजूबाजूला बघून त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, घाबरू नका. राख पडतेय."

"कसली राख?"

"आतली. इतकी वर्षं आग होती ना, तिची राख साठली होती. आता ती बाहेर पडतेय. बाबांनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, आणि झालंच. म्हणाले, राख पडेपर्यंत अंगात अशक्तपणा राहणारच. घर साफ करताना धूळ उडते, तसं."

"वहिनी, बाहेर पडतेय म्हणजे नक्की कुठून?"

त्या लाजल्या. कपड्यांचा चिमटा तोंडात धरून पुटपुटल्या, "संडासला काळं होतंय त्यांना. अगदी डांबरासारखं. चिकट. वासही वेगळाच येतो."

माझ्या हातातली पिशवी तिथेच राहिली. मी तशीच जिना उतरले आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाहेर पेशंट बसले होते. त्यांना हात जोडून मी आत घुसले.

डॉक्टरीणबाई कधी घाई करत नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "लोहाच्या गोळ्या चालू आहेत का त्यांना?"

"नाही."

"चक्कर?"

"असावी. बोलत नाही. पांढराफटक पडलाय."

"कंबरेच्या गोळ्या अजून घेतात?"

"रोज."

"मग ते रक्त आहे," त्या म्हणाल्या. "पोटात अल्सर झाला असेल, म्हणजे जखम, आणि ती वाहतेय. रक्त पोटात पचलं की काळं होतं. लाल दिसत नाही, म्हणून लोकांना कळत नाही. त्यांना आज मोठ्या हॉस्पिटलात न्या. उद्या नको, आज. मी तिथे फोन करून ठेवते."

मी धावत परत आले. दादा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघायच्या तयारीत होता.

"दादा, हॉस्पिटलात जायचंय. आत्ता."

"आत्ता बाबांकडे जायचंय. आज शेवटचा विधी आहे. अग्निबंध. एकदा तो झाला की आग परत आत शिरत नाही."

मी डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाबांनी हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, शेवटच्या दिवशी घरातलंच कुणीतरी आडवं येईल. डॉक्टर, रक्त, असलं काहीतरी बोलून भीती घालेल. अग्नीला जायचं नसतं, म्हणून तो जवळच्या माणसाच्या तोंडून बोलतो."

मला त्या माणसाच्या हुशारीची तेव्हा खरी भीती वाटली. रक्ताला त्याने राख म्हटलं होतं, अशक्तपणाला सफाई, आणि मला अग्नी. शरीराने मारलेली प्रत्येक हाक त्याने आपल्या नावावर करून ठेवली होती. दादाला उचलून नेण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती, आणि ओढाताण केली असती तर तो तिथेच कोसळला असता.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचा हात पदराशी चाळा करत होता. "आजचा दिवस होऊ दे, वन्सं. विधी झाला की लगेच नेऊ. मी शब्द देते."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मीही येते."

वाटेत मी दादाचा हात धरला होता. हात थंडगार आणि ओला. एरवी दोन ढांगांत होणारा रस्ता त्याने खांबाखांबाला थांबत पार केला. चालता चालता मी विचार करत होते की मी भाषण केलं तर हरणार. बोलण्यात तो माणूस मला शंभर वेळा विकून खाईल. बोलायचं नाही, करून दाखवायचं. आणि लवकर.

हॉल खचाखच भरलेला होता. दादाला बघून लोकांनी वाट दिली. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बघा, चेहरा कसा चंद्रासारखा थंड झालाय. आग उरलीच नाही."

दादाला टेबलावर झोपवलं. वाटी, चिमटा, कुंडी, सगळं बाजूच्या चौरंगावर मांडलेलं. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. तेवढ्यात मी पुढे झाले आणि चिमटा उचलला.

शिष्य म्हणाला, "ओ बाई, मागे व्हा."

मी वाटीतला एक बोळा चिमट्याने उचलला. कुणाच्याही छातीला न लावता तो सरळ कुंडीत, मधोमध, बाबा ठेवायचे तिथेच ठेवला. मग चिमटा खाली ठेवून हात मागे घेतले.

"हा बोळा कुणाच्याही छातीवर ठेवलेला नाही," मी म्हटलं. "सगळ्यांनी बघितलंय. आता फक्त थांबायचं."

बाबांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्यांच्या लोण्यासारख्या आवाजात खडा लागला. "हे काय चाललंय? विधीची भांडी बाटवली. घ्या रे ती कुंडी आत."

शिष्य कुंडीकडे झेपावला. मी मध्ये उभी राहिले. त्याने माझं मनगट पकडलं. मागून कुणीतरी ओरडलं, "हाकला तिला." दुसरा म्हणाला, "स्वतःच्या भावाच्या जिवावर उठलीय." माझं सगळं लक्ष त्या बोळ्याकडे होतं. तो राखेत नुसता बसून होता. थंडी पडली होती आणि थंडीत वेळ जास्त लागतो, हे मला ठाऊक होतं. पण आपण जे ओळखलंय तेच राखेखाली आहे, हे कुठे ठाऊक होतं? नसलं तर? तर मी या लोकांसमोर खोटी ठरले, आणि दादा या टेबलावरून उठणार नाही.

"बघा, काही होत नाही," बाबा लोकांकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. "अग्नी माणसात असतो, कापसात नाही. पोरीला शिकवून..."

फस्स.

धूर उठला. बोळा भडकला, वीतभर, कडेला तीच जांभळट झाक.

माझं मनगट शिष्याने कधी सोडलं ते मला कळलं नाही.

"ही आग कुणाच्या छातीतली?" मी विचारलं.

बाबांनी फार वेळ घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुझ्याच. चिमटा तू धरलास. तुझ्या हातातून उतरला अग्नी. बघा, किती अहंकार पेटलाय हिच्यात."

लोकांत पुन्हा कुजबुज सुरू झाली. मला दिसत होतं, काही माना हलायला लागल्या होत्या. माणसाला ज्यावर विश्वास ठेवायचा असतो, त्याला एक बारीकशी फट पुरते.

तेव्हा दादा उठून बसला. टेबलाच्या कडेला दोन्ही हात रोवून, मोठ्या कष्टाने.

"बाबा," तो म्हणाला, "तिच्यात अग्नी, माझ्यात अग्नी, शिंपीणबाईंच्यात अग्नी. कबूल. मग तेल कशाला? माझ्या छातीवर साध्या पाण्यात भिजवलेला बोळा ठेवा. आणि राखेऐवजी माझ्या भट्टीतला पावाचा साचा घ्या, रिकामा. आग माझी आहे ना, तर ती तशीही पेटेल."

"पाण्याने अग्नी विझतो, बाळ."

"मग ते हिरवं पाणी मला रोज कशाला पाजता? एका पेल्यात विझायला हवी होती."

बाबा काहीतरी म्हणायला गेले. पण दादा त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर कुठेतरी भिंतीपलीकडे गेली होती. ओठ निळसर दिसत होते. त्याने हात तोंडाकडे नेला, पुढे वाकला आणि ओकला. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर कॉफीच्या चोथ्यासारखं काळं पडलं आणि त्यात लाल रेघा होत्या. मग तो एका कुशीवर कलंडला.

"हात लावू नका," बाबा दोन्ही हात पसरून म्हणाले. "कुणी शिवू नका त्याला. राख तोंडावाटे निघतेय. शेवटचा अग्नी आहे, आता शिवलात तर तुम्हाला लागेल."

आणि लोक खरोखरच थांबले. इतकं सगळं बघूनही थांबले. पुढे आलेले दोघे जण पाय मागे घेऊन उभे राहिले. मी टेबलाकडे धावले, पण माझ्याआधी तिथे वहिनी पोचल्या होत्या. ज्या बाईने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, तिने त्यांना खांद्याने बाजूला ढकललं.

"राख लाल नसते," त्या म्हणाल्या. फार मोठ्याने नाही. "माझ्या नवऱ्याचं रक्त आहे ते. व्हा बाजूला."

त्यांनी दादाला कुशीवर नीट वळवलं, त्याचं तोंड पदराने पुसलं. मी हॉस्पिटलला फोन लावला. कुणीतरी खिडकीचा कागद टराटरा फाडला आणि खिडकी उघडली. शिंपीणबाई जिन्यावरच्या लोकांना हाताने बाजूला सारत ओरडत होत्या, "वाट द्या, गाडी येतेय, वाट द्या." खुर्चीत बसवून चौघांनी दादाला खाली उतरवलं. त्या गडबडीत बाबा आणि त्यांचा शिष्य कुठून गेले, ते कुणी पाहिलं नाही. कुंडी मात्र राहिली. मी ती तिथल्या एका पिशवीत घालून शिंपीणबाईंच्या हवाली केली आणि गाडीत चढले.

गाडीत वहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मला दिसत होतं हो, वन्सं. मला रोज दिसत होतं." मी त्यांचा हात धरून बसले.

हॉस्पिटलात त्याला आधी रक्त चढवलं, मग तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोटात बघितलं. जखम सापडली, वाहती होती. नळीतूनच ती बंद केली. बाहेर येऊन तिथले डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर केला असता, तर आम्हाला काही करता आलं नसतं." एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दादा बोलण्याइतका सावरल्यावर डॉक्टरीणबाई त्याला भेटायला आल्या. त्याने सगळ्यात आधी विचारलं, "पण डॉक्टर, मला बरं वाटत होतं. ते खोटं होतं का?"

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला खरंच बरं वाटत होतं. तुमच्या घरची बाटली तपासली मी. त्या हिरव्या पाण्यात काय होतं माहितीये? तुमच्या बेकरीत पोत्यात भरून असतो तो खाण्याचा सोडा. वरून पुदिना आणि रंग. सोडा पोटातल्या आम्लाला भेटला की गॅस होतो, ढेकर येतो, थोडा वेळ जळजळ थांबते. आम्ल पुन्हा तयार होतं आणि जळजळ परत येते. पण जखम तशीच राहते. कंबरेच्या गोळ्या तिला रोज कुरतडत होत्या आणि तुम्ही वरून सोडा ओतून तिचं तोंड दाबत होता."

"चव ओळखीची होती," दादा म्हणाला. "जिभेला कळलं होतं. मीच तिला गप्प बसवलं."

मग डॉक्टरीणबाईंनी जे आधीही सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, आणि या वेळी त्याने ऐकलं. उपाशीपोटी चहा नाही. एकदम भरपेट न जेवता थोडं थोडं खायचं. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवायचे, नुसत्या उशा रचून उपयोग नाही. पोटाचा घेर कमी करायचा. कंबरेच्या गोळ्या बंद, तिथे व्यायाम आणि डॉक्टरला विचारून दुसरं औषध. पोटात जखम करणारे जंतू आहेत का ते तपासायचं. आणि गोळ्या बरं वाटेपर्यंत नाही, जितके दिवस सांगितल्यात तितके दिवस घ्यायच्या.

"हे फार साधं आहे हो," वहिनी म्हणाल्या.

"साधंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर त्याला गर्दी होत नाही."

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मी बेकरीसमोरच्या मोकळ्या जागेत ती कुंडी मांडली. शिंपीणबाईंनी ती जपून ठेवली होती. गल्लीतले बरेच जण आले. काही नुसतं बघायला, काही मला खोटं पाडायला. मी राख बाजूला सारली. खाली जांभळे-काळे, चकाकते दाणे होते.

"हे पोटॅशियम परमँगनेट," मी म्हटलं. "जखमा धुवायचं जांभळं औषध. बोटांना लागलं की तपकिरी डाग पडतो, शिष्याच्या बोटांवर होता तसा. आणि शीतळ तेल म्हणजे ग्लिसरीन. फुटलेल्या ओठांना लावतात ते. दोन्ही औषधांच्या दुकानात मिळतात. एकमेकांना भेटले की तापत जातात आणि थोड्या वेळाने पेट घेतात. तो थोडा वेळ भरून काढायला बाबा गप्पा मारत होते. अग्नी लाजरा वगैरे काही नसतो."

मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि दाण्यांवर ग्लिसरीनचे थेंब सोडले. या वेळी कुणी बाबा नव्हते, मंत्र नव्हता, छाती नव्हती. थोड्या वेळात दाणे धुमसले आणि पेटले. कुणीही हात जोडले नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "पुन्हा करता का? मला नीट दिसलं नाही." मी पुन्हा केलं. चमत्कार आणि प्रयोग यांत फरक असेल तर हाच आहे. प्रयोग हवा तितक्या वेळा करून दाखवता येतो आणि कुणीही करू शकतं.

मग सोडा आणि लिंबाचा रस. पेल्यात फेस आला, तशी दादाच्या बेकरीतला कामगार म्हणाला, "हा तर ढेकर झाला." सगळे हसले.

शेवटी वहिनी पुढे आल्या. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. शब्द शोधत होत्या.

"मला एकच सांगायचंय," त्या म्हणाल्या. "आपण पोटातलं दुखणं सांगायला लाजतो. संडासातलं तर बोलतच नाही. मी लाजले, म्हणून मला जे दिसत होतं त्याचं नाव दुसऱ्याने ठेवलं. काळं झालं, रक्त पडलं, गिळताना अडकलं, वजन आपोआप उतरलं, छातीतली कळ हातात गेली, तर लाजू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. माझा माणूस वाचला. दर वेळी वाचेलच असं नाही."

शीतळबाबांनी आता दुसरं गाव गाठलं असेल, दुसरं नाव घेतलं असेल. कदाचित तिथे छातीऐवजी गुडघ्यातली आग काढत असतील. त्यांना शोधणं पोलिसांचं काम आहे आणि आम्ही तक्रार केली आहे. पण ते सापडले तरी त्यांच्यासारखा दुसरा येईल, कारण दुखणं खरं असतं आणि दुखणाऱ्या माणसाला घाई असते. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुमच्या डोळ्यांसमोर आग काढून दाखवली तर जरूर बघा. पण हात जोडण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे माझ्याशिवायही असंच होतं का? आणि हे मला स्वतःला करून बघू द्याल का? जो या प्रश्नांवर रागावेल, त्याच्या हातात आपला जीव देऊ नका.